धुराखालचा कळस

आमच्या नाशिकच्या हौशी नाटक मंडळीत टाळ्या आम्हा नटांना पडत, पण पडदा उघडताच प्रेक्षकांतून येणारा पहिला ‘अहाहा’ पुंजारामचा असे. मागचे पडदे तोच रंगवायचा.

१९७४ साली त्यानं वादळात सापडलेली बोट रंगवली. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या लाटा गोदावरीच्या पुरासारख्या गढूळ झाल्या. नवं कापड मिळेना, म्हणून देऊळ रंगवलेल्या जुन्या तेलरंगी पडद्यावरच त्यानं समुद्र चढवला. सोनेरी कळस काही केल्या झाकेना, तेव्हा बोटीच्या धुराड्यातून त्यावर काळा धूर सोडला. डेकवर मात्र एकही माणूस नव्हता. चार खलाशी तरी काढ, असं मी म्हटलं.

"माणूस काढला, की त्याचं पुढं काय झालं ते सांगावं लागतं, भाऊ."

त्याचा मुलगा भिका मालवाहू बोटीवर इंजिनाच्या खोलीत कामाला होता. चार महिने त्याचं पत्र नव्हतं. पहिल्या प्रयोगानंतर पुंजारामची बायको विठाबाई रंगमंचावर आली आणि पडद्यापुढे उभी राहिली. मी कप्तानाच्या वेशातच होतो.

"भाऊ, बोटीवर कोणीच कसं नाय?"

मी नट. गप्प राहणं मला कधी जमलं नाही. भरदार आवाजात म्हणालो, "धूर बघा, विठाबाई. इंजिन चालू आहे. म्हणजे माणसं खाली आहेत. भिका तिथंच असणार."

तिनं धुराला हात जोडले.

तिला घरी धाडून पुंजाराम रंगपटात आला. भिकाची बोट बुडाल्याचं पत्र त्याला महिन्यापूर्वीच आलं होतं. कोणीही सापडलं नव्हतं. तिला सांगायचा धीर होईना. रिकामा डेक पाहून ती आपणच ओळखेल, असं त्याला वाटलं होतं.

"आता तुम्ही त्याला जिवंत केला," एवढंच तो म्हणाला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

खरं मीही तिला सांगितलं नाही. नाटक दरवर्षी लागे, विठाबाई दरवर्षी येई. पडदा गुंडाळून ठेवला की तेलरंगावरचा धूर झडायचा. ती येण्याआधी पुंजाराम तो पुन्हा भरायचा. नऊ वर्षं.

१९८३च्या मार्गशीर्षात ती गेली. तेरावं झाल्यावर त्यानं पडदा जमिनीवर पसरायला लावला. सरसात कालवलेला रंग, ओल्या फडक्यानं सुटतो. मी कडा धरून बसलो. त्यानं धूर पुसला. खालून कळस वर आला, अर्धा काळा. मग बादलीतलं पाणी बदलून त्यानं बोट पुसायला घेतली.