सुंदरम्मांनी देवाला दिलेला पत्ता

शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सुंदरम्मा तीस वर्षे विड्या वळत आहेत. दिवसभर वळलेल्या विड्या सुपातून द्यायला आणि दुसऱ्या दिवसासाठी पाने आणायला त्या रोज कारखान्याच्या शाखेवर जातात. तिथे तिप्पण्णा नावाचा तपासनीस विड्या अंगठ्याने दाबून पाहतो आणि ढिली लागली की बाजूला फेकतो. त्या विडीला छाट म्हणतात. उलट बोलणाऱ्या बायकांच्या विड्या त्याला हमखास ढिल्या लागतात, आणि सुंदरम्मा तर बोलण्यासाठीच प्रसिद्ध. गेल्या महिन्यात त्यांची छाट इतकी निघाली, की मॅनेजरांनी बजावले : असेच चालले तर काम बंद.

त्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सांगितले, की दीनदुबळ्यांची फिर्याद देव स्वतः ऐकतो. मग उघड प्रार्थना सुरू झाली. बाकीच्यांनी जगाच्या शांतीसाठी प्रार्थना केली. सुंदरम्मा उभ्या राहिल्या.

“देवा, तिप्पण्णाचा न्याय कर. आमच्या गल्लीच्या टोकाला विडीची शाखा हाय, डाव्या हाताची खिडकी.”

“सुंदरम्मा, देवाला पत्ता सांगावा लागत नाही,” पाळकसाहेब हळूच म्हणाले.

“लागतो की साहेब. तिप्पण्णा दोन हायत. दुसरा बिचारा इस्त्रीवाला हाय.”

मंगळवारी फोनवर बोलत बोलत शाखेचे शटर ओढताना तिप्पण्णाचा उजवा अंगठा चेंगरला. नेमका तपासणीचा. शाखेपुढच्या रांगेत बायकांना हसू आवरेना.

“अम्मा, माज्या सासूचं बी नाव सांगा की,” विजयमाला म्हणाली.

सुंदरम्मा मात्र धास्तावल्या. तडक चर्चमध्ये जाऊन त्यांनी दुरुस्ती मांडली, “देवा, मी न्याय मागितला हुता. अंगठा न्हाय.”

तपासणी अडून चालणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी सर्वांत जुना हात म्हणून सुंदरम्मांनाच खिडकीत बसवले. शेजारी पट्टी बांधलेला अंगठा सांभाळत तिप्पण्णा बसला. रांगेला वाटले, आज सगळेच पास. पण विजयमालाच्या सुपातून सात विड्या बाहेर पडल्या.

“अम्मा, तुमी तर आमच्यातल्या!”

“मी तुमच्यातलीच हाय. विडी ढिली हाय.”

शेवटी त्यांचे स्वतःचे सूप आले. रांगेतल्या माना उंचावल्या. सुंदरम्मांनी विड्या दाबून पाहिल्या आणि दोन बाजूला टाकल्या.

“ऱ्हाऊ द्या की अम्मा, दोनच तर हायत,” तिप्पण्णा म्हणाला.

“वरनं कोण बघतंय ते मला ठावं हाय. उरलेल्या आता तू दाब. डावा अंगठा शाबूत हाय न्हवं?”

त्याने दाबल्या. आधी जोर लावून, मग हलक्याने, मग नुसते बोट टेकवून. बराच वेळ गेला. एकही फेकता येईना. मॅनेजर खुर्चीतून उठून मागे येऊन उभे राहिले.

“नीट हायत,” तिप्पण्णा सुपाकडे बघत पुटपुटला.

मॅनेजरांनी मान डोलावली. “अम्मा, जाताना उद्याची पानं घेऊन जा.”

सुंदरम्मा जागच्या हलल्या नाहीत.

“तिप्पण्णा, जरा मोठ्यानं म्हण की,” त्या म्हणाल्या. “मागच्या बायकांना ऐकू न्हाय गेलं.”