खाटेवरून काढलेला फोटो

आम्रपाली वासनिकनं काढलेले लग्नाचे अल्बम भिलाई-३ पासून दुर्गपर्यंत कितीतरी घरांत निघतील. बाई फोटो काढते म्हटल्यावर सुरुवातीला लोक बिचकायचे. मग नवऱ्या मुलीच बापांना सांगू लागल्या, की फोटोला आम्रपालीताईलाच बोलवा, तिच्यासमोर अवघडायला होत नाही.

ती शिकली भिलाईच्या कॅंप-१ वस्तीतल्या बळीरामभाऊंच्या स्टुडिओत. रोलच्या कॅमेऱ्याचे ते शेवटचे दिवस. भाऊंनी पहिला महिनाभर तिच्या हातात रोल न भरलेला कॅमेरा दिला आणि तिला बाजारात उभं केलं. संध्याकाळी ती परतली की विचारायचे, आज काय पाहिलं? ती सांगायची, भाजीवाली तराजू धरून होती, पण डोळे रस्त्यापलीकडच्या शाळेच्या फाटकावर होते. त्या महिन्यानं तिला घडवलं. पुढे हातात कोणतं यंत्र आहे याचं तिला अप्रूप राहिलं नाही. लग्नात ड्रोन उडवणारी पोरं तिच्या जुन्या कॅमेऱ्याकडे बघून हसली, तर ती शांतपणे म्हणायची, "कॅमेरा तं कोणाच्याही हातात येते. नजर पायजे."

हे वाक्य तिच्या घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. पुढे तेच तिच्या अंगाशी आलं.

तिचा नवरा नरेश रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. मुलगी समृद्धी शिकायला नागपूरला मामाकडे. रेल्वे क्वार्टरमध्ये उरली ती आणि सासू तुळसाबाई. तुळसाबाई म्हणजे अख्ख्या कॉलनीची चौकशी करणारी बाई. ओट्यावर बसून प्रत्येकाला हटकायची, भांडायची, हसायची. एका सकाळी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. एकदा आम्रपाली थोडा वेळ शेजारी गेली, तेवढ्यात म्हातारी उठायला गेली आणि खाटेवरून पडली. त्यानंतर तिला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. ठरवलं कोणी, हे कोणी विचारलं नाही. लग्नाची कामं एकेक करून दुसऱ्यांकडे गेली.

कॅमेरा कपाटात पडून होता. रायपूरहून दीर अतुल आला, तो घेऊन गेला. नरेशनं तिची समजूत काढली. "तूच तं म्हणते, कॅमेऱ्यानं काय होते? मोबाईल हाय ना. घरात बसून काढ." त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. 

मग तिनं घरात बसून फोटो काढले. खोलीला एकच खिडकी. तिच्यातून कॉलनीची भिंत, भिंतीवरून सरकणारे मालगाडीचे डबे आणि शेवग्याच्या झाडाचा अर्धा भाग दिसायचा. ते सगळं काढून झालं. भिंतीवरचं ऊन काढलं, औषधाच्या बाटलीची सावली काढली. अखेर मोबाईल तुळसाबाईच्या हातांकडे वळला. विटा वाहिलेले ते हात, आता चादरीवर पालथे पडलेले.

फोटो पाहून समृद्धीनं लगेच कळवलं, "मम्मी, ये तो एग्झिबिशन वाले फोटो हैं." बळीरामभाऊंनाही ते आवडले. दुर्गला बाया-मुलींनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात चार-पाच दे म्हणाले. कित्येक महिन्यांनी आम्रपालीच्या अंगात हुशारी आली. उजेडासाठी ती खाट खिडकीकडे ओढू लागली, सासूची मान जरा इकडे, जरा तिकडे करू लागली.

एका दुपारी तुळसाबाईनं डाव्या हातानं पदर तोंडावर ओढला. ऊन लागत असेल, असं वाटून आम्रपालीनं तो बाजूला केला. तिनं पुन्हा ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आम्रपालीनं वाकून पाहिलं. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

आम्रपाली खाटेच्या कडेवर बसली. या खोलीत आपण कोंडलो, असं ती रोज मनात म्हणत होती. पण तिला निदान नको म्हणता येत होतं, म्हटलं नाही ही गोष्ट वेगळी. खाटेवरच्या बाईला तेवढंही येत नव्हतं. तिच्याच सुनेनं आठवडाभर तिला न विचारता न्याहाळलं होतं आणि त्याला नजर म्हटलं होतं.

हातांचे सगळे फोटो तिनं पुसले. भाऊंना फोन करून नाही म्हणाली. ते हळहळले, पण त्यांनी जोर केला नाही.

काही दिवसांनी तिनं सासूच्या डाव्या कुशीला उशी लावली, मोबाईल तिच्या हातात दिला आणि बटण दाखवलं. "आई, आता तुमी काढा." पहिले फोटो छताचे आले, काही अंगठ्याचे. आम्रपाली भात बघायला गेली. हात धुऊन आली तेव्हा म्हातारीचा डोळा लागला होता आणि मोबाईल छातीवर होता.

त्यात एक फोटो होता. वाकडा, खाली अर्धी चादर आलेली. मागे स्वयंपाकघराचं दार आणि दारात पाठमोरी आम्रपाली. एक हात चौकटीवर, एक टाच उचललेली, जणू आता निघणार. पण समोर भांड्यांची फळी, आणि फळीमागे भिंत. आपण अशा उभ्या राहतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. खाटेवरून मात्र ते रोज दिसत होतं.

नरेश ड्युटीवरून आल्यावर तिनं मोबाईल त्याच्यापुढे धरला.

"कोणं काढला?"

"आईनं."

तो बूट न काढताच बसला. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "अतुलकडून कॅमेरा वापस मागतो."

"कॅमेरा नको. मले बाहेर जायचं हाय."

"मंग आधी कावून नाई सांगितलं?"

"सांगून आईचं कोणं केलं असतं?"

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. पण पुढच्या सुट्टीला सकाळीच म्हणाला, जा तू, मी आईजवळ थांबतो. आम्रपाली ऑटोनं कॅंप-१ च्या बाजारात गेली. उजेड होता, माणसं होती, रंग होते. तिचं लक्षच लागेना. पेज गरम तर भरवली नसेल ना, कुशीवर वळवलं असेल का, हेच डोक्यात. एकही फोटो न काढता ती लवकर परत आली. नरेशला नवल वाटलं. तिला स्वतःला भीती वाटली, कारण खोली तिच्याबरोबर बाजारापर्यंत आली होती.

तरी ती पुढच्या सुट्टीलाही गेली. तिसऱ्या खेपेला फोटो काढायला हात वळला.

तो वाकडा फोटो तिनं सासूला विचारून भाऊंकडे पाठवला. तुळसाबाईनं डावा अंगठा वर केला होता. खाली नाव लागलं तुळसाबाई वासनिक. प्रदर्शनाच्या दिवशी नरेशची सुट्टी होती. आम्रपाली निळी साडी नेसून तयार झाली, तेवढ्यात यार्डातून फोन आला. कोणीतरी आलं नव्हतं, नरेशला जावं लागणार होतं. तो चोरट्यासारखा तिच्याकडे पाहत निघाला. तिनं साडी उतरवून घडी घातली आणि म्हातारीचं अंग पुसायला पाणी तापवलं.

भाऊंनी व्हिडिओ पाठवला. भिंतीवर फोटो, त्यापुढे थांबलेल्या दोन बाया. एक विचारत होती, कुठल्या कॅमेऱ्याचा आहे. दोघी सासू-सुनांनी तो खाटेवर बसून पाहिला. संपल्यावर तुळसाबाईनं सुनेची बाही धरली ती सोडेच ना. बादलीतलं पाणी निवत चाललं होतं. आम्रपालीनं बाही सोडवून घेतली नाही.