तणमोर दिसला का?

आमच्या वनखात्याच्या सुरत ऑफिसातली माणसं केव्हाच रिटायर झाली, किस्से मात्र अजून ड्यूटीवर आहेत! नव्वद सालानंतरची गोष्ट. शहरापासून दोन तासांवरचं गवताचं कुरण तणमोर या पक्ष्यासाठी राखीव झालं. मी क्लार्क, बागूल गार्ड. बागूल सुरतच्याच लिंबायत भागातला, मूळ खान्देशी. त्याला तणमोर दर पावसाळ्यात दिसायचा, मला कधीच नाही. खोटं कशाला बोलू, जळायचो मी! त्याला कधी साधा चहासुद्धा पाजला नाही.

*

कुरण राखीव होण्याआधी तिथे वृक्षारोपण ठरलं. ऑर्डर मीच टाईप केली, फार अभिमानाने. रोपं उतरली आणि बागूल साहेबांपुढे आडवा! "साहेब, आठे झाडं लावशात, ते तणमोर कोठे जाई? त्याला उघडं गवतच लागतं."

साहेबांनी रोपं परत पाठवली. रद्दची ऑर्डरही मीच टाईप केली. शाबासकी बागूलला!

*

तणमोराचा नर गवतातून सरळ वर उडी मारतो. पापणी लवेपर्यंत खेळ खलास. मी चष्मा पुसायला घेतला की बागूल ओरडणार, "तो पाहा!"

एकदा हिला घेऊन गेलो. हिला तासाभरात दोन दिसले! "अहो, मी हात करत होते ना!" म्हणाली. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

*

कुरणावर 'राखीव'चा बोर्ड लागला त्या दिवशी साहेब म्हणाले, "ज्यांनी पक्षी पाहिलाय, ते सगळे फोटोत या." ड्रायव्हरसुद्धा गेला! मग कॅमेरा कोण धरणार? मीच की!

*

एका वर्षी पाऊस उशिरा आला. पक्ष्याचा पत्ता नाही. वरून कमिटी येणार होती. पक्षी नसेल तर जमीन कापड विणणाऱ्या लूमच्या शेडना जाणार, असं ऐकू येत होतं.

मंगळवारी बागूल रजेवर होता. मी एकटाच कुरणात उभा, आणि समोर उडी! एक, दोन, सात! डोळ्यांतून पाणी आलं हो. पण मी कोणाला सांगितलं नाही, रजिस्टरातही लिहिलं नाही. म्हटलं, हा माझ्या एकट्याचा. बागूलला कशाला कळू द्यायचं?

शुक्रवारी कमिटी आली. साहेबांनी विचारलं, "आ वर्षे कोईए जोयो?" यंदा कोणी पाहिला का? कुरण जाईल हे कळत होतं, तरी माझं तोंड उघडेना.

बागूल पुढे झाला, माझ्याकडे बोट केलं. "ह्यांनी पाहिला, साहेब. मंगळवारी."

"तू तो रजा पर था! इन्होंने बताया?"

"नाही साहेब. पण बुधवारी ह्यांनी मला स्वतःहून चहा पाजला!"