मिशीवाला अध्यक्ष आणि माझा माईक

माईकवाल्याकडं कुणी बघत नाही, त्यामुळं माईकवाल्याला सगळं दिसतं. कोल्हापुरात तीस वर्षं हा धंदा केला. बारसं, साखरपुडा, प्रचारसभा, सगळीकडं मी कोपऱ्यात ॲम्प्लिफायरजवळ बसलेलो. किस्से गोळा करायला कुठं जावं लागलं नाही. वायरचं भेंडोळं असतं ना, एक टोक ओढलं की अख्खा गुंता हातात येतो, तसं झालंय. आज त्यातले फक्त चौगुले सरांचे काढतो. ऐकताना मधे फोन बघू नका, माझं डोकं फिरतं!

चौगुले सर इतिहासाचे शिक्षक. रिटायर झाले आणि एकच व्याख्यान घेऊन गावोगाव फिरायला लागले. विषय काय, तर अमेरिकेचा एक जुना राष्ट्राध्यक्ष! त्याचं नाव माझ्या तोंडात कधी नीट बसलं नाही, म्हणून मी त्याला मिशीवाला म्हणायचो. लहानपणी दम्यानं बेजार झालेलं पोरगं. हट्टानं व्यायाम केला आणि असा तगडा झाला की गप्प बसणं विसरूनच गेला. मुष्टियुद्ध, घोडा, शिकार, लढाई, ढीगभर पुस्तकं, आणि अध्यक्ष झाल्यावर मैलोनमैल जंगलं राखून ठेवली. सरही तसलेच. सत्तरीला आलेला माणूस स्टेजवर दोन तास उभा! खुर्ची दिली तर म्हणायचे, "बशीर, ही आधी घेऊन जा."

*

प्रत्येक व्याख्यानाला शालनवहिनी, म्हणजे सरांची बायको, बरोबर असायच्या. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची. अख्खं व्याख्यान त्यांना पाठ होतं, सर बोलत असताना त्यांचे ओठ हलायचे.

व्याख्यानातला सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे गोळीचा. भाषणाला निघालेल्या मिशीवाल्यावर कुणीतरी गोळी झाडली. खिशात भाषणाच्या कागदांची जाड घडी आणि चष्म्याची डबी होती, म्हणून गोळी आत खोल गेली नाही. आणि हा पठ्ठ्या तसाच, रक्तानं भिजलेल्या शर्टात, दीड तास बोलला!

एकदा सर घाईत होते. थेट रक्तावरच गेले. शर्ट भिजला, लोक हादरले, डॉक्टर पळाले. हॉलमधले ऐकणारे एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून वहिनींचा आवाज आला, "अहो, गोळी लागायचीय अजून!"

*

गारगोटीला बाजाराच्या दिवशी व्याख्यान होतं. गोळी लागली हे दाखवायला सर छातीवर सणकून थाप मारायचे. त्या दिवशी मी त्यांना नवा कॉलर माईक लावलेला, नेमका त्याच जागी. धडाम! चार कर्ण्यांतून तो आवाज बाजारावर गेला आणि पळापळ सुटली. भाजीवाल्या बायका टोपल्या टाकून उठल्या.

हवालदार धापा टाकत आत आला. "गोळी कुणी घातली?"

सर आपल्याच तंद्रीत. "एका माथेफिरूनं!"

"कुठं हाय त्यो?"

"अमेरिकेत!"

*

आजऱ्यात सर जंगलांवर बोलत होते. त्या अध्यक्षानं झाडं राखली, प्राणी राखले, आज शंभर वर्षांनीही लोक त्याचं नाव घेतात. हा खरा वारसा, वगैरे वगैरे. सरांचा आवाज नुसता चढला होता.

मागून एक म्हातारबा उठले. "सर, त्यो अध्यक्ष अजून हाय का?"

"नाही हो, केव्हाच गेला."

"मग त्येच्या पोराबाळांला तरी हिकडं धाडा की. चार दिस झालं, माझ्या काजूत हत्ती उभा हाय!"

हॉल असा हसला की मला आवाज कमी करावा लागला. सर तर टेबल धरून हसत होते. वहिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या, अंगात कणकण होती म्हणून घरीच थांबलेल्या. येताना टेम्पोत सर दर दोन मैलांनी म्हणायचे, "बशीर, हे शालनला कसं सांगू रे? माझ्या आधी तू हसलास तर बघ!"

गल्लीत वळलो तर सरांच्या दारात शेजारीपाजारी उभे होते. पायऱ्यांवर चपलाच चपला. शेजारची बाई पुढं आली आणि पदर तोंडाला लावून नुसती उभी राहिली.

हत्तीचा किस्सा तेव्हापासून मी कुणाला सांगितलेला नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय.

*

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सरांचा फोन. "बशीर, रविवारचं काय ठरलं?"

मला वाटलं, बरं झालं, माणूस सावरला. पण सर सावरले नव्हते, नुसते सुटले होते. आज इथं, उद्या तिथं. कार्यक्रम नसला तर सकाळी माझ्या दुकानात येऊन वायरी गुंडाळत बसायचे. घरी जायचं नावच नाही. आणि वहिनींबद्दल एक शब्द नाही! मी "वहिनी" एवढं म्हटलं तरी ते विचारायचे, "तो ॲम्प्लिफायर दुरुस्त झाला का?"

त्यांची मुलगी बेंगळुरूला असते, स्वाती. तिचा मला फोन आला. "बशीरचाचा, पप्पा तुमच्याशी तरी आईबद्दल बोलतात का? मी विषय काढला की जेवलीस का विचारतात आणि फोन ठेवतात. मी आई कुणाबरोबर आठवायची, सांगा."

काय सांगणार? मी म्हटलं, "बघतो बेटा." फोन ठेवला. माझी बायको जाऊन सहा वर्षं झालीत. मीही तिचं नाव दुकानात कुणासमोर काढत नाही. तेव्हा कोणत्या तोंडानं सरांना बोलायचं?

*

तरीपण एकदा टेम्पोत मी धाडस केलं. "सर, त्या मिशीवाल्याला बायको न्हवती का? दोन तासांत कधी तिचं नाव येत न्हाय."

सर बाहेर बघत म्हणाले, "होती. पहिली बाळंतपणानंतर दोन दिवसांत गेली. त्याच दिवशी, त्याच घरात त्याची आईही गेली. त्यानं डायरीत त्या दिवसावर मोठी फुली मारली. तान्ही मुलगी बहिणीच्या पदरात टाकली आणि लांब माळरानावर गुरं राखायला निघून गेला. पुढं आत्मचरित्र लिहिलं, त्यातही या बायकोचं नाव नाही. मुलीजवळसुद्धा कधी काढलं नाही म्हणतात."

"मग ह्ये व्याख्यानात का सांगत न्हाईसा?"

"वेळेत बसत नाही," सर म्हणाले.

गोळी बसते, शिकार बसते, घोड्यांची नावंसुद्धा बसतात! 

*

कळंब्याच्या जेलमध्ये कार्यक्रम झाला. कैदी मांडी घालून इतके शांत बसले होते की मला माईकची घरघर ऐकू येत होती. शेवटी सरांनी विचारलं, कुणाला काही शंका?

एक पांढऱ्या केसांचा माणूस उठला. "सर, ज्यानं गोळी घातली त्येचं काय झालं?"

"त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. मरेपर्यंत तिथंच होता."

"त्येला भेटाय कोण येत हुतं का?"

सरांना त्या अध्यक्षाच्या कुत्र्याचंसुद्धा नाव माहीत होतं. पण हे माहीत नव्हतं. ते चष्मा पुसत उभे राहिले. तो माणूस बिचारा म्हणाला, "ऱ्हाऊ दे सर, सहज इचारलं." आणि खाली बसला.

*

आता शेवटचा. गारगोटीच्या पुढं एक छोटं गाव आहे. तिथल्या वाचनालयाच्या सेक्रेटरीनं महिनाभर आधी बोलावलं होतं. आम्ही चार वाजता पोचलो. शाळेचा हॉल झाडलेला, शंभर खुर्च्या मांडलेल्या, फळ्यावर रंगीत खडूनं स्वागत. माणूस मात्र एक नाही!

सेक्रेटरी नव्या फेट्यात धावत आले. "सर, घोटाळा झाला. आज गावात लगीन हाय. तारीख देताना माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

"असू दे. तुम्ही तर आहात."

"मी कसा थांबू सर? नवरदेव माझाच पुतण्या हाय!"

ते गेले. मी वायर गुंडाळायला लागलो. सर म्हणाले, "बशीर, लाव माईक."

"कुणासाठी सर?"

"लाव."

लावला. बाहेर शाळेच्या गच्चीवर दोन कर्णे, तोंडं गावाकडं. सरांनी रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार केला आणि सुरुवात केली. दमा झाला, व्यायाम झाला, कॉलेज झालं.  इथून ते नेहमी थेट माळरानावर उडी मारायचे. त्या दिवशी थांबले.

"या माणसानं डायरीत एक फुली मारली," सर म्हणाले. "मी तेवढंही केलं नाही."

मी मान वर केली.

"माझ्या बायकोचं नाव शालन. ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो. मी परगावी एका परक्या माणसाची गोष्ट सांगत होतो. सकाळी निघताना ती म्हणाली होती, आज नका जाऊ. मी म्हटलं, लोक वाट बघतील."

खिडकीबाहेर दोन-तीन बाया येऊन उभ्या राहिल्या. कर्ण्यावरून सगळं गावभर जात होतं. मी खिशातून फोन काढला, स्वातीला लावला. तिनं उचलला तशी म्हटलं, "बेटा, बोलू नको, नुसतं ऐक." आणि फोन स्पीकरच्या खोक्यावर ठेवला.

"तिला चहात आलं लागायचं," सर बोलत होते. "मला आवडत नाही म्हणून चाळीस वर्षं तिनं ते घातलं नाही. तिच्या ताईनं हे मला बाराव्याला सांगितलं." मग त्यांची नजर खोक्यावर गेली. "कुणाला लावलायस?"

"स्वातीला."

सर खोक्याजवळ आले. माझा हात आवाजाच्या बटणावर होता. मी हळूच विचारलं, "सर, कमी करू?"

"नाही," सर म्हणाले. "वाढव."