मशीनच्या पोटातलं मशीन

आमच्या धाकट्या साडूंइतका खोलात शिरलेला माणूस भोर-वेल्ह्यात झाला न्हाई आणि होणारबी न्हाई. चौथी नापास माणूस सांगतोय म्हणून हसू नका, म्या डोळ्यांनी बघितलंय. साडू आंबवड्याचे, मुंबईच्या एका कॉलेजात कंप्युटर शिकवायचे. मशीन एकच, खोलीभर. शिकणारी पोरं वीस. एकानं चुकीचं काही दाबलं की सगळ्यांचं काम बंद. म्हणून साडूंनी त्या मशीनच्या पोटात नुसत्या हुकमांवर दुसरी मशीनं उभी केली, प्रत्येकाला एक. हाताला लागायची न्हाईत, पण काम खऱ्यासारखं करायची. वर त्या प्रत्येकाच्या पोटात आणखी एक! आतलं पाडा, पुन्हा उभं करा, भाईरचं ढिम्म हलायचं न्हाई.

या कामानं त्यांना एक सवय जडली. काहीबी बंद करण्याआधी आपण आतल्या मशीनवर आहोत का भाईरच्या याची खात्री करायची. विंझरला आमच्याकडं आले की न्हाणीची कडी घालतानाबी ओरडायचे, "मी आत का भाईर?" चुलीपासून आमची मंडळी म्हणायची, "पाव्हणं, पाणी निवतंय, आधी आंघोळ करा!"

एकदा डोळे दाखवायला मुंबईला गेलो, तवा त्यांनी मला कॉलेजात नेलं. वरच्या साहेबांनी बजावलेलं होतं, मोठं मशीन एकदा जरी बंद पडलं तर पोरांनी त्याला हात लावायचा न्हाई, फळ्यावरच शिकायचं. म्या हटून बसलो, "नसलेलं मशीन चालतंय व्हय? थापा मारू नका."

साडू इरेला पेटले. "बघा, हे आतलं पाडतो. पोरांना पत्ताबी लागायचा न्हाई."

माझ्याशी भांडताना नेमकं आत का भाईर हे बघायचं राहिलं. त्यांनी हुकूम दिला आणि खोलीभर सगळं गप्प झालं. खरंच मशीन बंद पडलं होतं.

साहेब धावत आले. म्या पुढं झालो, "म्या दाबलं."

"न्हाई साहेब, मीच," साडू म्हणाले. चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात एक पोरगी उठली. "सर, हे तर आम्ही आतल्या मशीनवर रोज करतो." दोघं-तिघं तिच्यामागं गेले. न भांडता, न घाबरता, एकेक पायरी चढावी तसं त्यांनी ते धूड पुन्हा चालू केलं. साहेबांनी जवळ जाऊन चालू झालेलं मशीन बघितलं. मग म्हणाले, "चालू द्या वर्ग."

जिना उतरताना साडू हळूच म्हणाले, "पाव्हणं, कसं चालू करायचं ते येकाबी पोरानं मला इचारलं न्हाई."

म्या जन्मात कुणाची माफी मागितली न्हाई, तवाबी मागितली न्हाई. त्यांच्या हातातली पिशवी तेवढी घेतली, आणि रस्त्यापर्यंत म्याच नेली.