चालीच्या वरचा आवाज

अंबरनाथच्या त्या लहानशा चर्चमध्ये चाल म्हणजे चाल. आजोबांनी म्हटली तशीच म्हणायची, पेटीनेही निमूट मागून यायचं. अशा ठिकाणी शालन भांबळला सुचावं काय, तर शेवटच्या कडव्याला मूळ चालीच्या वरून जाणारा दुसरा आवाज!

बाई आनंदनगरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. हात खोकी भरायचे, डोकं सुरांत. जुन्या गीताखाली पेटीचे कोणते स्वर बदलले तर तेच गीत नवं वाटेल, हे ती फाटक्या पुठ्ठ्यांवर सारेगममध्ये लिहून ठेवायची. शिकवलं कोणी? कोणीच नाही. कान देवाने दिला, बाकीचं तिने स्वतः कमावलं.

२००४च्या ईस्टरला तिने पहिला प्रयोग केला आणि पार फज्जा उडाला. मंडळींची सवयच अशी, की ज्याचा आवाज सगळ्यांत वर, त्याच्यामागे जायचं. शालनने वरचा सूर लावला मात्र, सगळ्या बायका चाल सोडून तिच्यामागे धावल्या. पुरुष गप्प. चालीवर उरल्या एकट्या ऐंशीच्या इंदुबाई, आणि त्याही मध्येच थांबल्या. नवऱ्याच्या मातीला त्यांनी हेच गीत म्हटलं होतं. त्या दिवशी त्या तडक घरी गेल्या.

कमिटीने बजावलं, कापणीच्या सणाला एकदाच बघू. पुन्हा विचका झाला तर हे प्रकार कायमचे बंद. एवढं एकच तर तिचं स्वतःचं होतं.

दुसरी कोणी असती तर नाक मुरडून बसली असती. ही थेट इंदुबाईंच्या घरी गेली, माफी मागितली आणि तेच गीत म्हणून दाखवा म्हणाली. म्हातारीने आढेवेढे घेतले, मग म्हटलं. शालन चाटच पडली. पुस्तकात ओळ जिथे संपते तिथे इंदुबाई निवांत रेंगाळायच्या, एक मुरकी घ्यायच्या, मग पुढे जायच्या. सगळं चर्च तसंच म्हणायचं, आणि हिने लिहिलं होतं पुस्तकाबरहुकूम! तिने जुने पुठ्ठे फाडले. नवा आवाज असा बांधला, की इंदुबाई रेंगाळतील तिथे तो थांबेल आणि मुरकी संपली की मगच वर चढेल. बायकांकडून चार रविवार घोकून घेतलं, की माझ्याकडे नाही, इंदुबाईंकडे बघायचं.

सणाच्या दिवशी इंदुबाई सगळ्यांच्या पुढे उभ्या राहिल्या. शेवटच्या कडव्याला चाल जागची हलली नाही, आणि तिच्या वरून शालनचा आवाज असा गेला की कमिटीचे गुरुदत्त मास्तरसुद्धा पुस्तक मिटून ऐकत राहिले. काय सांगावं, धन्य ती बाई!

उपासना संपल्यावर इंदुबाईंनी शालनचा हात धरला.

"माझ्या मातीला हेच म्हणा," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा चाल कोण धरणार, ते आत्ताच बघून ठेव. तू वरच राहा."

शालनला रडू आवरेना. पुढच्या रविवारी तिने आपल्या सुनेला, शीलाला, इंदुबाईंच्या शेजारी उभं केलं, ती मुरकी शिकायला.