चढावर चालणं

सात मॅरेथॉन पळालो, एकदाही चाललो नाही. घरातला पहिला पदवीधर मी. धरलेलं काम मध्येच ढिलं सोडायचं नाही, ही घमेंड म्हणा हवं तर. त्याच घमेंडीत डोंगरातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत उतरलो आणि पहिलाच मोठा चढ पळत घेतला. निम्म्यात पोटऱ्यांत गोळे आले. दगडावर बसलो. माथ्यावरच्या चौकीत वेळेत पोचलो नाही, तर तिथंच बाद करणार होते.

खालून एक मावशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या; मला पळताना त्यांनी पाहिलं असावं. गुरं चढतात तशा, आधी एका अंगाला तिरक्या, मग दुसऱ्या अंगाला.

"कोण पाठी लागलंय का रं?"

"शर्यत आहे, मावशी."

"मग चाल की! पळून पळून बसलायस न्हवं?"

त्या पुढं गेल्या. मी त्यांची पावलं बघत राहिलो. माझी आई असाच भारा घेऊन चढायची. कॉलेजला शहरात गेलो तेव्हा हे चालणं कायमचं मागं टाकलं, असं वाटलं होतं. पळणं मी वेळापत्रक लावून शिकलो. चालणं आईमागून फिरताना आलं होतं, म्हणून ते शिक्षणात धरलंच नाही.

उठलो. हात गुडघ्यांवर टेकले आणि मावशींच्या मागं तिरका चढू लागलो.

चौकीतल्या माणसानं माझा नंबर लिहून घेतला. "चारच मिनिटं उरलीत. पळत आलात वाटतं?"

"नाही," मी म्हणालो, "चालत आलो."